नाकातील ‘टर्बिनेट’ आणि यंत्रातील ‘टर्बाइन’ : एका शब्दकुळाची ओळख



वार्षिक अहवाल म्हटला की ताळेबंद, जमाखर्च, शस्त्रक्रियांचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली हे सर्व ओघाने येतेच. त्याच्या जोडीला रुग्णालयात रोज कानांवर पडणारा एखादा विषय सोप्या भाषेत उलगडून सांगावा, या हेतूने ही पाने राखून ठेवलेली असतात. या वेळी आम्ही विषय म्हणून एखादा आजार न निवडता शब्दांचे एक कुटुंब निवडले आहे. रुग्णालयाच्या अहवालात शब्दांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका घडलेल्या प्रसंगात आहे, म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतो.

दोन कागद आणि एक प्रश्न

विश्वस्त मंडळाच्या एका बैठकीत आमच्यापुढे एकाच दिवशी दोन कागद आले. पहिला होता अतिदक्षता विभागासाठी घ्यावयाच्या व्हेंटिलेटरचा खरेदी-प्रस्ताव. त्यात ‘टर्बाइनवर चालणारा’ असे यंत्राचे वर्णन होते. दुसरा होता कान-नाक-घसा विभागातील एका शस्त्रक्रियेच्या खर्चात सवलत मिळावी म्हणून आलेला अर्ज. त्यात ‘टर्बिनेट’ असा शब्द होता. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त चष्मा सावरीत म्हणाले, “एकाच यंत्राची दोन बिले तर लावली नाहीत ना?” सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. मात्र आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. दोन खात्यांत सारखेच दिसणारे नाव आढळले की मन स्वस्थ बसत नाही. त्यामुळे तो प्रश्न आम्ही टिपणवहीत लिहून ठेवला.

पुढे दोनच दिवसांनी तोच अर्ज करणारे गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. त्यांच्या तरुण मुलाच्या नाकावर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हायची होती. गृहस्थ जलविद्युत केंद्रातून निवृत्त झालेले. संमतिपत्राचा कागद आमच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “साहेब, तीस वर्षे मी टर्बाइनच्या आवाजात काढली. माझ्या मुलाच्या नाकात टर्बाइन कुठून आले? आणि ते काढून टाकणार म्हणजे नेमके काय काढणार?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस नीट देता आले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी शल्यचिकित्सकांना दूरध्वनी केला. त्यांनी कागदावरील शब्द अक्षर न् अक्षर वाचून दाखवावयास सांगितला आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. त्यांनी केस पेपरवर लिहिले होते ‘टर्बिनोप्लास्टी’. आमच्या कार्यालयात संगणकावरील यादीतून निवडताना त्याच्या वरच्याच ओळीतील ‘टर्बिनेक्टमी’ हा शब्द उमटला होता. पहिल्या शब्दाचा अर्थ आकार लहान करणे, दुसऱ्याचा अर्थ कापून काढणे. चूक आमच्या कार्यालयाची होती. शस्त्रक्रियागृहातील पडताळणीत ती सापडलीही असती, असे आम्ही स्वतःचे समाधान करून घेऊ शकतो. परंतु ती प्रत्यक्षात सापडली एका पित्याच्या शंकेमुळे, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. त्यांनी इतरांप्रमाणे मुकाट्याने सही केली असती, तर न घेतलेल्या संमतीचा कागद आमच्या दप्तरी कायमचा राहिला असता.

संमतिपत्र त्याच दिवशी नव्याने तयार झाले, गृहस्थांची क्षमा मागितली गेली आणि शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडली. मात्र त्यांचा पहिला प्रश्न आमच्या मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते येथे मांडीत आहोत. वैद्यकीय भाग आमच्या कान-नाक-घसा विभागातील तज्ज्ञांनी तपासून दिला आहे.

मूळ शब्द : भोवरा

‘टर्बाइन’ आणि ‘टर्बिनेट’ हे दोन्ही शब्द लॅटिन भाषेतील ‘टुर्बो’ या शब्दापासून आले आहेत. त्याचे एक रूप ‘टुर्बिनिस’ असे होते; त्यातील ‘बिन’ हा भाग दोन्ही इंग्रजी शब्दांत टिकून आहे. ‘टुर्बो’ म्हणजे मुले फिरवतात तो भोवरा. त्याच शब्दाचा अर्थ वावटळ असाही होता आणि पाण्याचे गरगर फिरणे असाही होता.

मराठी माणसाला यात काहीच नवल वाटू नये. आपणही दोरी गुंडाळून जमिनीवर सोडतो त्या लाकडी खेळण्याला भोवरा म्हणतो, नदीच्या पात्रात गरगरणाऱ्या पाण्यालाही भोवरा म्हणतो, आणि लहान मुलाच्या डोक्यावरील केसांच्या वळशालाही भोवराच म्हणतो. तिन्ही ठिकाणी वस्तू निरनिराळ्या आहेत. समान आहे ती गोल फिरण्याची किंवा वळत जाण्याची आकृती. रोमन लोकांच्या बोलण्यात जे झाले, तेच आपल्या बोलण्यातही झाले.

हे साम्य येथेच थांबत नाही. लॅटिनमध्ये ‘टुर्बो’ या शब्दाच्या नात्यात ‘टुर्बा’ म्हणजे गलबला किंवा गर्दी, आणि ‘टुर्बारे’ म्हणजे ढवळून काढणे, अस्वस्थ करणे, असे शब्द आहेत. आपण नित्य वापरतो तो ‘डिस्टर्ब’ हा शब्द तेथूनच आला. ‘ट्रबल’ हा शब्दही फ्रेंचमार्गे त्याच घरातून आला. विमानात हादरे बसू लागले की ज्याची घोषणा होते, तो ‘टर्ब्युलन्स’ही त्यांचाच भाऊ. आपल्याकडे संस्कृतातील ‘भ्रम्’ म्हणजे फिरणे या धातूचा परिवार पाहावा. त्यातून भ्रमण आले, भोवरा आला, डोके गरगरले की येणारी भोवळ आली, आणि मन गरगरले की होणारा भ्रमही आला. वस्तूचे फिरणे आणि चित्ताचे ढवळणे या दोन्हींना एकाच धाग्यात ओवण्याची बुद्धी दोन्ही भाषांना सुचली.

येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. इंग्रजीत पागोट्याला ‘टर्बन’ म्हणतात. तो शब्द ऐकण्यास जवळचा वाटला, तरी या कुळातील नाही. तो फारसी आणि तुर्की भाषांतून युरोपात गेला. उच्चार सारखा म्हणून नाते असतेच असे नाही. आणि नाते असले म्हणून अर्थ एक असतो असेही नाही. आमच्या कार्यालयाने हा धडा बराच उशिरा घेतला.

यंत्राकडे गेलेली शाखा

‘टर्बाइन’ हा शब्द वयाने फार मोठा नाही. क्लोद ब्युर्दँ या फ्रेंच अभियंत्याने १८२२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सादर केलेल्या निबंधात तो प्रथम वापरला. पाण्याच्या जोराने वेगात फिरणाऱ्या चक्रासाठी त्यांना नाव हवे होते, ते त्यांनी भोवऱ्यावरून घेतले. त्यांचेच विद्यार्थी बनवा फुर्नेराँ यांनी १८२७ साली प्रत्यक्ष कामास येणारे जल-टर्बाइन तयार केले. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली वाफेवर चालणारे टर्बाइन बनविले. ते जहाजालाही चालवू शकते, हे दाखविण्यासाठी त्यांनी बांधलेल्या नौकेचे नाव होते ‘टर्बिनिया’. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त आरमाराचे संचलन चालू असता ही चिमुकली नौका त्या अवाढव्य जहाजांच्या रांगांमधून भरधाव धावली आणि साऱ्यांना थक्क करून गेली.

आपल्या महाराष्ट्राला टर्बाइनची ओळख लवकर झाली. खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटमाथ्यावर साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. पुढे कोयना प्रकल्प उभा राहिला; त्याची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. आमच्याकडे आलेले गृहस्थ ज्या आवाजाबद्दल बोलत होते, तो अशाच केंद्रातील.

रुग्णालयातही टर्बाइने आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दातांच्या डॉक्टरांकडे जो बारीक शीळ घातल्यासारखा आवाज ऐकून खुर्चीतला रुग्ण मुठी आवळतो, तो दाबाखालील हवेवर फिरणाऱ्या चिमुकल्या टर्बाइनचा आवाज असतो. ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेऊ शकते. काही व्हेंटिलेटरमध्येही टर्बाइन असते. ते खोलीतील हवा स्वतःच ओढून घेते आणि आवश्यक त्या दाबाने रुग्णाच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचवते. अशा यंत्राला दाबाखालील हवेची वेगळी नळजोडणी लागत नाही, म्हणून ज्या वॉर्डात ती सोय नाही तेथेही ते चालविता येते. ऑक्सिजनची जोडणी मात्र लागतेच. २०२० आणि २०२१ या वर्षांत करोनाच्या साथीत या गुणाची किंमत सर्वांनाच कळली. आमच्या विश्वस्तांपुढे आलेला पहिला कागद या प्रकारच्या यंत्राचा होता. थोडक्यात, टर्बाइन म्हणजे पाणी, वाफ किंवा वायू यांच्याशी देवघेव करणारे फिरते चक्र. फिरणे हा त्याचा प्राण आहे.

नाकाकडे गेलेली शाखा

दुसरी शाखा याहून जुनी आहे. लॅटिनमध्ये ‘टुर्बिनातुस’ म्हणजे भोवऱ्याच्या आकाराचे. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळते आणि वळसे घेत गेलेले असे जे असेल ते. सतराव्या शतकापासून इंग्रजीत ‘टर्बिनेट’ हे विशेषण भोवऱ्यासारख्या वस्तूंसाठी वापरात आहे. समुद्रातील वळसेदार शंख-शिंपल्यांचे वर्णनही त्याने होऊ लागले. एका समुद्री गोगलगाईच्या प्रजातीला तर शास्त्रज्ञांनी ‘टर्बो’ हेच नाव दिले.

नाकपुडीच्या आतल्या बाह्य भिंतीवर, म्हणजे गालाकडील बाजूस, तीन पातळ हाडे एकाखाली एक अशी कागदाच्या सुरळीप्रमाणे वळलेली असतात. त्यांवर ओलसर, रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर असते. वळलेल्या शिंपल्यासारखा हा आकार पाहून शरीररचनाशास्त्रज्ञांनी त्यांना ‘टर्बिनेट’ म्हटले. म्हणजे यांचे नाव आकारावरून पडले, कामावरून नव्हे. नाकातील टर्बिनेट फिरत नाहीत. त्यांच्यामुळे हवेत भोवरे होतात म्हणून हे नाव पडले, असेही कोणी सांगतात. पण ते खरे नाही.

याच हाडांना दुसरे नाव आहे ‘कॉन्का’. तो शब्द ग्रीक भाषेतील ‘कोंखे’ म्हणजे शिंपला यापासून आला. हा ‘कोंखे’ आणि आपल्या देवघरातील ‘शंख’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे नातलग आहेत. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘कॉन्का’ दिसला तर घाबरून जाऊ नये. तो नवा आजार नव्हे, टर्बिनेटचेच दुसरे नाव आहे. अहवालात ‘कॉन्का बुलोसा’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ मधल्या टर्बिनेटच्या आत हवेची पोकळी आहे इतकाच. पुष्कळ निरोगी माणसांत ती असते आणि त्रास नसेल तर तिला हात लावावा लागत नाही.

खालचे टर्बिनेट हे तिन्हींत मोठे. चेहऱ्याच्या चौदा हाडांत त्याची स्वतंत्र गणना होते. उजवे एक, डावे एक. मधले आणि वरचे टर्बिनेट मात्र स्वतंत्र हाडे नाहीत. ती ‘एथमॉइड’ नावाच्या हाडाचे भाग आहेत. ‘एथमॉइड’ म्हणजे ग्रीक भाषेत चाळणीसारखे. वासाच्या मज्जातंतूंचे धागे त्याच्या छिद्रांतून मेंदूकडे जातात. भोवरा, शिंपला, चाळणी : जुन्या शास्त्रज्ञांनी देहाच्या आत डोकावताना घरातल्या आणि अंगणातल्याच वस्तूंची नावे वापरली, हे पाहून आम्हांस गंमत वाटली. त्यांच्या मातृभाषेत ते शब्द साधे होते. अवघड झाले ते आपल्यापर्यंत येईतो.

हे भोवरे करतात काय

माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती कधी थंड असते, कधी कोरडी, कधी धुळीने भरलेली. नाकापासून घशापर्यंतच्या त्या चार बोटांच्या वाटेत ती हवा शरीराच्या तापमानाजवळ आणली जाते, ओलसर केली जाते आणि गाळली जाते. हे काम मुख्यत्वे टर्बिनेटवरील अस्तर करते. हाडे वळलेली असल्यामुळे थोड्या जागेत अस्तराचे क्षेत्रफळ पुष्कळ वाढते आणि हवेला त्याला घासून जावे लागते. वाळवंटातील उंटाच्या नाकात ही वळणे फार दाट असतात. बाहेर पडणाऱ्या श्वासातील पाणी त्यांच्यावर परत मिळविले जाते.

टर्बिनेटच्या अस्तरातील रक्तवाहिन्या रक्ताने भरल्या की ते फुगते, रिकाम्या झाल्या की आक्रसते. पुष्कळ माणसांत काही तासांच्या अंतराने ही पाळी बदलते. एका बाजूचे टर्बिनेट फुगते तेव्हा दुसऱ्या बाजूचे आक्रसते, म्हणून एक नाकपुडी मोकळी तर दुसरी जराशी बंद वाटते. रिशार्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ साली याचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्याकडे योगशास्त्रात चंद्रनाडी आणि सूर्यनाडी चालण्याची चर्चा फार पूर्वीपासून आहे. श्वासाची बाजू बदलते हे निरीक्षण आपल्या पूर्वजांनी केले होते. सांगण्याचा मुद्दा असा की, कधी डावी तर कधी उजवी नाकपुडी किंचित बंद वाटणे हा आजार नव्हे. कुशीवर निजले असता खालच्या बाजूची नाकपुडी बंद वाटते, तेही स्वाभाविक आहे.

‘नाकाचे हाड वाढले’ म्हणजे काय

आमच्या बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “नाकाचे हाड वाढले आहे.” दुसरे वाक्य, “नाकात मांस वाढले आहे.” ही दोन वाक्ये तीन-चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरली जातात आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते.

बहुधा ‘वाढलेले हाड’ हे वाढलेले नसून वाकलेले असते. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा कूर्चा आणि हाड यांचा बनलेला असतो. तो एका बाजूला झुकला की त्या बाजूची वाट अरुंद होते. गंमत अशी की जी बाजू रुंद झाली, त्या बाजूचे टर्बिनेट कालांतराने मोठे होऊन ती जागा भरून काढते. म्हणून काही रुग्णांत पडदा एका बाजूला आणि मोठे टर्बिनेट दुसऱ्या बाजूला, अशी दोन्हीकडून अडचण होते.

अनेक वेळा पडदा सरळच असतो. धूळ, परागकण, पाळीव प्राणी किंवा बुरशी यांच्या ॲलर्जीने टर्बिनेटचे अस्तर सतत सुजलेले असते. आरशात पाहताना नाकात लालसर किंवा फिकट गोळा दिसतो आणि मांस वाढले असे वाटते. ते बहुतेक वेळा आपलेच खालचे टर्बिनेट असते, ते काही नवे उगवलेले नसते. याहून वेगळा प्रकार म्हणजे पॉलिप. तो मात्र अस्तरातून निघालेला मऊ घोस असतो. लहान मुलांत नाक बंद राहण्याचे कारण बहुधा नाकामागील ॲडेनॉइड असतात, त्यांचा टर्बिनेटशी संबंध नाही. यांतील नेमके काय आहे, हे दुर्बिणीने तपासणारा तज्ज्ञच सांगू शकतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. चोंदलेले नाक मिनिटात मोकळे करणारे थेंब किंवा फवारे दुकानात सहज मिळतात. ते टर्बिनेटमधील रक्तवाहिन्या आकुंचित करतात. सलग काही दिवसांहून अधिक काळ वापरले, तर औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा जास्त सुजते, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. औषधच आजाराचे कारण होऊन बसते. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात ते स्टेरॉइडचे फवारे याहून वेगळे. ते हळूहळू काम करतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ वापरता येतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात. तेव्हा नाव वाचूनच घ्यावे.

शब्दाचे शेपूट : ‘एक्टमी’ आणि ‘प्लास्टी’

औषधाने गुण आला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि येथे शब्दाचे शेवटचे दोन-तीन अक्षर फार महत्त्वाचे ठरतात.

‘एक्टमी’ हा प्रत्यय ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ कापून बाहेर काढणे. टॉन्सिलेक्टमी म्हणजे टॉन्सिल काढणे. हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय काढणे. त्यानुसार टर्बिनेक्टमी म्हणजे टर्बिनेट काढणे. ते अंशतः काढले जाते किंवा पूर्णतः.

‘प्लास्टी’ म्हणजे आकार देणे, घडविणे. अँजिओप्लास्टी हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. अँजिओप्लास्टीत हृदयाची रक्तवाहिनी काढून टाकीत नाहीत, ती आतून रुंद करतात, हे सर्वांस ठाऊक आहे. तसेच सेप्टोप्लास्टी म्हणजे नाकाचा पडदा सरळ करणे, आणि टर्बिनोप्लास्टी म्हणजे टर्बिनेटचे वरचे अस्तर शक्य तितके राखून आतील भाग कमी करणे. रेडिओ लहरींच्या किंवा विजेच्या उष्णतेने अस्तराखालील भाग आक्रसविण्याच्या पद्धतीही आहेत. त्यांना सर्वसाधारणपणे ‘टर्बिनेट रिडक्शन’ म्हणतात.

या फरकाला एवढे महत्त्व का द्यावे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नाक मोकळे करण्यासाठी टर्बिनेट कापून काढणे हा प्रचलित उपाय होता. वाट रुंद झाली की श्वास सोपा होईल, हा हिशेब वरकरणी बरोबरच होता. परंतु काही थोड्या रुग्णांत उलटेच झाले. नाक तपासले तर पूर्ण मोकळे, आणि रुग्ण मात्र गुदमरल्याची, कोरडेपणाची, खपल्यांची तक्रार करतो. या अवस्थेला पुढे ‘रिकाम्या नाकाचा विकार’ असे अर्थ सांगणारे इंग्रजी नाव मिळाले. त्यामागील एक कारण असे सांगितले जाते की, श्वास आत गेल्याची जाणीव आपल्याला अस्तराला लागणाऱ्या गारव्यातून होते. अस्तरच उरले नाही तर हवा जाऊनही ती गेल्याचे मनाला कळत नाही. पुदिन्याचे सत्त्व हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, तेही वाट रुंद झाल्यामुळे नव्हे, तर गारव्याची जाणीव जागी झाल्यामुळे.

हा विकार दुर्मीळ आहे आणि टर्बिनेटवरील बहुतेक शस्त्रक्रियांनी रुग्णांस आराम पडतो, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काही रुग्णांत थोडा भाग कापून काढणेच योग्य ठरते, आणि गाठीसारख्या आजारात तर दुसरा मार्ग नसतो. तो निर्णय तज्ज्ञांचा. परंतु आज बहुतेक शल्यचिकित्सक अस्तर जितके राखता येईल तितके राखावे, या मताचे आहेत. म्हणूनच ‘काढणे’ आणि ‘कमी करणे’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. जमा आणि खर्च हे रकाने शेजारी शेजारी असतात, म्हणून रक्कम कोणत्याही रकान्यात लिहून चालत नाही. हिशेबातील चूक वर्षाअखेरीस दुरुस्तीची नोंद करून सुधारता येते. शस्त्रक्रियागृहातील चुकीला दुरुस्तीची नोंद नसते.

आम्ही काय बदल केला

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या कार्यपद्धतीत काही सुधारणा केल्या. शस्त्रक्रियेचे नाव आता कार्यालयीन यादीतून निवडले जात नाही. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील नाव आणि संमतिपत्रावरील नाव दोन निरनिराळ्या व्यक्ती ताडून पाहतात. संमतिपत्रावर इंग्रजी नावाखाली एक वाक्य मराठीत लिहिले जाते : शरीराचा कोणता भाग, कोणत्या बाजूचा, आणि त्याचे काय करणार, काढणार, कमी करणार, सरळ करणार की फक्त तपासणार. हे वाक्य सही करणाऱ्याने स्वतः वाचून दाखवावे, किंवा वाचता येत नसल्यास आपल्या शब्दांत सांगावे, असा आग्रह आम्ही धरतो. या कामास प्रत्येक रुग्णामागे काही मिनिटे अधिक लागतात. ती मिनिटे आम्ही वाया गेलेली मानीत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे की, सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. आजार नेमक्या कोणत्या भागाचा आहे? शस्त्रक्रियेत तो भाग राहणार की जाणार? औषधाने किती काळ वाट पाहता येईल? शस्त्रक्रियेनंतर तोच त्रास पुन्हा होऊ शकतो काय? ॲलर्जी असेल तर शस्त्रक्रियेने सूज कमी होते, ॲलर्जी जात नाही. म्हणून हा शेवटचा प्रश्न विशेष अगत्याचा. आपल्या प्रश्नाने डॉक्टरांचा अपमान होईल असे कृपया मानू नये. अज्ञान उघडे पडेल, हीही भीती नको. आमचे स्वतःचे अज्ञान एका निवृत्त कर्मचाऱ्याने उघडे पाडले आणि त्यात आमचे कल्याणच झाले.

समारोप

त्या गृहस्थांना त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे पत्राने कळविले. लिहिले की, आपण ज्याच्या सोबतीत आयुष्य काढले ते टर्बाइन आणि आपल्या चिरंजीवांच्या नाकातील टर्बिनेट हे दोघे एकाच भोवऱ्याचे वंशज आहेत. एकाने त्या भोवऱ्याचे फिरणे घेतले, दुसऱ्याने त्याचा आकार. एक फिरले नाही तर दिवे लागत नाहीत. दुसरे फिरत नाही, पण वाट्यास येणारा प्रत्येक श्वास उबदार करून पुढे पाठवते.

आपल्या देणग्यांतून यंत्रे येतात, खाटा येतात, शस्त्रक्रियांना सवलती देता येतात. त्यांचा हिशेब पुढील पानांवर आहे. परंतु रुग्णास आपल्या देहाविषयी आपल्या भाषेत कळावे, यासाठी लागणारा वेळ आणि धीर हीदेखील आपल्याच विश्वासातून आम्हांस मिळालेली ठेव आहे. तिचा विनियोग योग्य खात्यावर व्हावा, एवढीच आमची धडपड. 

– प्रशासक